पहिल्या महायुद्धातील अवजड द्विपंखी बॉम्बफेकी विमाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अवजड’ बॉम्बफेकी विमान म्हणजे नेमके काय?

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमानातून बॉम्ब टाकणे म्हणजे निरीक्षकाने मांडीवर ठेवलेला लहानसा बॉम्ब अंदाजाने हातानेच खाली सोडणे, एवढाच त्याचा अर्थ होता. अवजड विमान ही निराळी जात होती. त्याला दोन, तीन किंवा चार इंजिने असत, कर्मचारी किमान तीन असत, बॉम्बचा भार शेकडो किलोंत मोजला जाई आणि कित्येक तास हवेत राहून परत येणे अपेक्षित असे. ब्रिटिशांचे सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उड्डाणासाठी सज्ज असताना जेमतेम ६६० किलोंचे होते, तर हँडली पेज ओ/४०० हे बॉम्बफेकी विमान पूर्ण भारासह सुमारे सहा टनांचे, म्हणजे त्याच्या नऊपट. या विमानांबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून या वजनापाशीच येतात. पंख दोन का, उड्डाण रात्री का, अपघात उतरतानाच का, या सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे.

असे विमान सर्वांत आधी कोणी बनवले?

हा मान रशियाचा. ईगर सिकोर्स्की या तरुण अभियंत्याने १९१३ मध्ये चार इंजिनांचे पहिले मोठे विमान उडवून दाखवले आणि त्यापाठोपाठ ‘इल्या मूरोमेत्स’ हे विमान तयार केले. त्या मूळ प्रवासी विमानात बंद दालन, विजेचे दिवे आणि शौचालयही होते. १९१४ च्या उन्हाळ्यात ते सेंट पीटर्सबर्गहून कीव्हला जाऊन परत आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच युद्ध पेटले. डिसेंबर १९१४ मध्ये या विमानांचे स्वतंत्र पथक उभे राहिले आणि फेब्रुवारी १९१५ पासून त्यांनी बॉम्बफेक सुरू केली. उडत असताना बिघडलेल्या इंजिनापर्यंत मेकॅनिकने खालच्या पंखावरून चालत जावे, अशी सोय त्यात होती. शत्रूच्या लढाऊ विमानांना पूर्ण युद्धात त्यांपैकी एकच पाडता आले.

इटली मागे नव्हती. जानी कॅप्रोनी यांच्या तीन इंजिनांच्या विमानांनी ऑगस्ट १९१५ मध्येच ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ठाण्यांवर हल्ले सुरू केले होते. त्यांतील मागच्या बंदूकधाऱ्याची जागा आजही अंगावर काटा आणते. मधल्या, मागे तोंड केलेल्या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी पिंजऱ्यासारखे एक उघडे चौकट असे आणि आल्प्सच्या गारठ्यात तो माणूस तिथे तासन्‌तास उभा असे.

एकाऐवजी दोन पंख कशासाठी? त्याने विमान हळू होत नव्हते का?

होत होते, आणि ते बनवणाऱ्यांनाही ठाऊक होते. परंतु त्या काळची इंजिने अशक्त होती, त्यामुळे वजन उचलायचे तर पंखांचे क्षेत्रफळ वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते. ओ/४०० च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस मीटर होते. एवढा विस्तार एकाच पंखात बसवला असता तर तो इतका लांब झाला असता की लाकडी दांड्यांना स्वतःचाच भार पेलवला नसता. शिवाय तेव्हाचे पंख पातळ असत, त्यांच्या पोटात जाड, खोल तुळई बसवायला जागाच नसे. यावरचा उपाय पूल बांधणाऱ्यांकडे तयार होता. एकावर एक दोन पंख ठेवायचे, मध्ये उभे खांब द्यायचे आणि तिरक्या पोलादी तारांनी सगळे आवळून टाकायचे. अशा रीतीने दोन्ही पंख मिळून रेल्वेपुलाच्या जाळीदार कैचीसारखी एक उंच आणि हलकी तुळई तयार होते. या खांबांचा आणि तारांचा वाऱ्याला होणारा अडथळा प्रचंड असे. म्हणूनच ३६० अश्वशक्तीची दोन रोल्स-रॉइस इंजिने लावूनही ओ/४०० चा कमाल वेग ताशी १५५ किलोमीटरांच्या आसपासच राहिला.

सांगाडा मुख्यतः स्प्रूस लाकडाचा, त्यावर ताणलेले लिननचे कापड आणि कापडावर ‘डोप’ नावाच्या रसायनाचे हात. हे रसायन वाळले की कापड ढोलकीच्या पुडीसारखे घट्ट होई. ते ज्वालाग्राही होते हे वेगळे सांगायला नको.

हँडली पेज विमानाचा जन्म कसा झाला?

ब्रिटनमध्ये या कामी सैन्याआधी आरमाराने पुढाकार घेतला. आरमाराच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे सूटर यांनी फ्रेडरिक हँडली पेज यांच्याकडे शत्रूला जागच्या जागी लुळे पाडील असे विमान मागितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. मूळ इंग्रजी शब्द बरेच शिवराळ आहेत. त्यातून ओ/१०० हे विमान जन्मले. पंखांचा पसारा शंभर फूट, म्हणजे साडेतीस मीटर. ते आघाडीवरच्या तंबूवजा हँगरमध्ये मावावे म्हणून पंख मागे दुमडण्याची सोय होती.

डिसेंबर १९१५ मध्ये पहिले विमान लंडनच्या क्रिकलवुड भागातील कारखान्यातून हेंडनच्या मैदानावर न्यायचे होते. ते रात्रीच्या वेळी रस्त्याने ओढत नेण्यात आले. टायर फुटले, रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या आडव्या आल्या, त्या छाटत छाटत वरात पुढे सरकली आणि १७ डिसेंबरला त्याने पहिले उड्डाण केले. आपल्याकडे गणपतीची उंच मूर्ती अरुंद गल्लीतून काढताना विजेच्या तारा बांबूने वर धरणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती रात्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल.

ओ/१०० ची ४६ विमाने बनली. त्याचीच सुधारलेली आणि अधिक शक्तिमान इंजिनांची आवृत्ती म्हणजे ओ/४००, जी १९१८ मध्ये शेकड्यांनी बाहेर पडली.

यांतील एक विमान आयतेच जर्मनांच्या हाती पडले, हे खरे आहे का?

खरे आहे. १ जानेवारी १९१७ रोजी फ्रान्समधील तळाकडे निघालेले एक नवे कोरे ओ/१०० वाट चुकून लाँ शहराजवळ, जर्मनांच्या ताब्यातील प्रदेशात उतरले. जर्मनांनी ते धडधाकट स्थितीत ताब्यात घेतले. मात्र जर्मनांनी त्यावरून आपली विमाने बनवली, ही समजूत चुकीची आहे. त्यांची गोथा विमाने त्याआधीच तयार होत होती.

विमानाच्या आत माणसे कुठे बसत आणि बॉम्ब कुठे असत?

ओ/४०० चे उदाहरण घेऊ. नाकाच्या टोकाशी एक उघडी गोल जागा. तिथे लुईस बंदुका आणि बॉम्बचा नेम धरण्याची सोय. त्याच्या मागे वैमानिक आणि त्याच्या शेजारी निरीक्षक. लक्ष्य जवळ आले की निरीक्षक आपली जागा सोडून सरपटत नाकाच्या टोकापर्यंत जाई आणि तिथून नेम धरी. पंखांच्या मागे, धडाच्या वरच्या बाजूस आणखी एक बंदूकधारी उभा असे. वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी मारा करायचा तर ही जागा दोघे सांभाळत. पुढच्या आणि मागच्या माणसांत बोलणे जवळजवळ अशक्य होते, कारण मध्ये इंधनाच्या टाक्या होत्या आणि दोन्ही बाजूंना दोन इंजिने गर्जत होती.

त्या टाक्यांच्या खालीच बॉम्ब. पन्नास किलोंच्या वर वजनाचे सोळा बॉम्ब मधमाशीच्या पोळ्यासारख्या चौकोनी खणांत उभे टांगलेले असत, तोंड वर आणि शेपूट खाली. प्रत्येक खणाच्या तळाशी स्प्रिंगचे झाकण असे. बॉम्ब सुटला की आपल्या वजनानेच ते झाकण ढकलून बाहेर पडे आणि झाकण पुन्हा मिटे. लहान बॉम्बऐवजी सुमारे ७५० किलोंचा एकच मोठा बॉम्बही नेता येत असे. एका विमानात माणसे, पेट्रोल, स्फोटके आणि डोप लावलेले कापड इतक्या दाटीने एकत्र आलेले पाहिले की ही रचना करणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यावी की त्यात बसणाऱ्याच्या, असा प्रश्न पडतो. प्रस्तुत लेखकाचे मत बसणाऱ्याच्या बाजूने आहे.

हल्ले रात्रीच का होत? अंधारात वाट कशी सापडे?

ताशी दीडशे किलोमीटर वेगाचे आणि शंभर फूट पसरलेले विमान दिवसा लढाऊ विमानांच्या तावडीतून सुटणे कठीण होते, त्यामुळे अंधार हेच त्याचे चिलखत. वाट शोधण्यासाठी होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा असे, पण खरी मदत जमिनीचीच होई. चांदण्यात चकाकणाऱ्या नद्या, रेल्वेचे रूळ, कारखान्यांच्या भट्ट्यांचा उजेड या खुणा वैमानिक पाठ करून ठेवीत. मित्रराष्ट्रांच्या बाजूला जमिनीवर दीपगृहे उभारलेली होती, ती मोर्सच्या अक्षरांत लुकलुकत आणि त्यावरून परतीची दिशा कळे. ढग आले की हे सगळे व्यर्थ, आणि ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांचे तळ असलेल्या फ्रान्सच्या लोरेन प्रांतात ढग वारंवार येत.

लंडनवर हल्ला करणारी गोथा विमाने कोणती?

१९१५ पासून लंडनवर झेपेलिन हवाई जहाजे येत होती. १९१७ मध्ये त्यांची मुख्य जागा दोन इंजिनांच्या गोथा विमानांनी घेतली. बेल्जियममधील गेंट शहराभोवतीच्या तळांवरून कॅप्टन एर्न्स्ट ब्रांडेनबुर्ग यांचे पथक उडत असे. या विमानात एक चतुराई होती. मागच्या बंदूकधाऱ्याच्या पायाशी, धडाच्या तळाला आरपार बोगद्यासारखी फट ठेवलेली होती. मागून, खालून येणारे लढाऊ विमान एरवी बॉम्बफेकी विमानाच्या आंधळ्या जागी सुरक्षित असे. गोथाचा बंदूकधारी त्या फटीतून नेमका तिथेच गोळी झाडू शके.

१३ जून १९१७ रोजी भर दिवसा या विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले. १६२ माणसे मेली आणि चारशेहून अधिक जखमी झाली. विमानांनी त्या युद्धात ब्रिटनवर केलेल्या हल्ल्यांपैकी हा सर्वांत प्राणघातक. पॉप्लर भागातील एका प्राथमिक शाळेच्या छतातून आलेला बॉम्ब मजले फोडत खालच्या वर्गात फुटला आणि १८ मुले गेली, त्यांतील बहुतेक पाच-सहा वर्षांची. ७ जुलैला पुन्हा हल्ला झाला आणि लोकांचा संताप पार्लमेंटपर्यंत पोहोचला. दक्षिण आफ्रिकेचे जनरल यान स्मट्स यांच्यावर चौकशीची जबाबदारी सोपवण्यात आली. सैन्य आणि आरमार यांची हवाई दले एकत्र करून स्वतंत्र दल उभारावे, अशी शिफारस त्यांनी केली आणि त्यातून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स अस्तित्वात आले. काही डझन लाकडी विमानांनी शत्रूच्या सैन्यरचनेतच बदल घडवून आणला, हा गोथा मोहिमेचा परिणाम बॉम्बने झालेल्या नुकसानीपेक्षा मोठा मानावा लागतो.

‘राक्षसी विमाने’ कोणाला म्हणत?

जर्मनांच्या झेपेलिन-श्टाकेन आर-सहा या विमानाला आणि त्याच्या भावंडांना. पंखविस्तार ४२ मीटर, चार इंजिने, सुमारे बारा टन वजन आणि जमिनीवर तोल सांभाळायला अठरा चाके. इंजिने दोन-दोनच्या जोडीने एकापाठोपाठ बसवलेली होती, पुढचे ओढणारे आणि मागचे ढकलणारे. दोन्हींच्या मध्ये बसलेला मेकॅनिक उड्डाणातच त्यांची देखभाल करी.

१६ फेब्रुवारी १९१८ च्या रात्री अशा एका विमानाने एक हजार किलोंचा बॉम्ब लंडनमधील चेल्सी येथील वृद्ध सैनिकांच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात टाकला आणि एका इमारतीतील पाच जण मेले. ती वास्तू पुढे पुन्हा बांधली गेली आणि १९४५ मध्ये व्ही-२ क्षेपणास्त्राने ती पुन्हा पाडली. योगायोग म्हणून सोडून द्यावा असा हा प्रसंग नाही, असे वाटत राहते. ब्रिटनवरील हल्ल्यांत संरक्षकांना यांपैकी एकही राक्षस पाडता आला नाही.

मग सर्वाधिक विमाने कशामुळे नष्ट झाली?

जमिनीमुळे. गोथा विमानांपैकी जितकी तोफांनी आणि लढाऊ विमानांनी पाडली, त्याहून अधिक विमाने उतरताना किंवा इतर अपघातांत मोडली. बॉम्ब आणि पेट्रोल संपल्यावर विमानाचा तोल बदले, वैमानिक थकलेला असे, मैदानावर धुके उतरलेले असे आणि धावपट्टी म्हणजे पेटवलेल्या मशालींची एक रांग. चाके टेकताना विमान कोलांटी घेऊ नये म्हणून गोथाच्या काही आवृत्त्यांना नाकाखाली जादा चाकेही लावून पाहिली.

या बॉम्बफेकीचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला?

येथे आकडे काळजीपूर्वक वाचावेत. जून १९१८ मध्ये ह्यू ट्रेंचर्ड यांच्या हाताखाली ब्रिटनचे ‘इंडिपेंडंट फोर्स’ स्थापन झाले. जर्मनीतील कारखान्यांवर हल्ले करणे, हे त्याचे जाहीर काम. युद्ध संपेपर्यंत त्याने सुमारे ५५० टन बॉम्ब टाकले, त्यांतील बहुतांश रात्री. परंतु या भारापैकी जवळपास चाळीस टक्के भाग कारखान्यांवर न पडता शत्रूच्या विमानतळांवर खर्च झाला, म्हणजे स्वतःचा बचाव करण्यातच. भोंगा वाजला की पाळी सोडून तळघरात जाणाऱ्या कामगारांमुळे उत्पादन बुडे, हे खरे. पण भट्टी कायमची विझवणे या विमानांना क्वचितच जमले. ‘मनोधैर्यावर झालेला परिणाम’ हा ट्रेंचर्ड यांचा आवडता मुद्दा होता. तो मोजता येत नाही, आणि म्हणूनच पुढची वीस वर्षे सगळ्या हवाई दलांना तो इतका सोयीचा वाटला असावा.

बर्लिनवर हल्ला झाला का?

नाही, थोडक्यात राहिला. त्यासाठी हँडली पेजने व्ही/१५०० हे चार इंजिनांचे विमान बनवले. पंखविस्तार १२६ फूट, पूर्ण भारासह वजन सुमारे साडेतेरा टन, पहिले उड्डाण मे १९१८. यांतील बरीच विमाने बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या जहाज बांधणाऱ्या कंपनीने बनवली. नॉरफोकमधील बर्चम न्यूटन तळावर तीन विमाने सज्ज होती. ११ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली आणि बर्लिन वाचले.

या विमानांचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सुखद नाही. बर्लिनसाठी जन्मलेल्या व्ही/१५०० जातीच्या विमानाने युद्धप्रसंगी एकमेव हल्ला केला तो काबूलवर, आणि तो भारतातून.

‘ओल्ड कार्थुझियन’ नावाचे हे विमान १३ डिसेंबर १९१८ रोजी इंग्लंडहून निघाले. रोम, माल्टा, कैरो, बगदाद असे टप्पे घेत, वाटेत इंजिनांच्या बिघाडांना तोंड देत ते जानेवारी १९१९ च्या मध्यास कराचीला आणि नंतर दिल्लीला पोहोचले. इंग्लंडहून भारतात हवाईमार्गे आलेल्या अगदी पहिल्या विमानांपैकी ते एक. त्या मे महिन्यात तिसरे अफगाण युद्ध सुरू झाले. २४ मेच्या पहाटे, सुमारे तीन वाजता, कॅप्टन रॉबर्ट हॅली यांनी पेशावरजवळच्या रिसालपूर तळावरून हे विमान उचलले. बरोबर निरीक्षक लेफ्टनंट व्हिलियर्स आणि काही मेकॅनिक होते. विमानाची क्षमता तीन टनांहून जास्त असताना त्या दिवशी भार होता तो चार मोठे आणि सोळा लहान बॉम्ब, मिळून जेमतेम साडेतीनशे किलो. उन्हाळ्यातली विरळ हवा आणि समोरची डोंगरांची रांग यांच्यापुढे जास्त भार घेऊन उंची गाठणे कठीणच होते. काबूलला पोहोचून अमीर अमानुल्ला यांच्या राजवाड्याच्या परिसरावर बॉम्ब टाकून, एकूण सहा तासांच्या आसपास हवेत राहून विमान परतले.

इमारतींची हानी फारशी झाली नाही, पण राजधानीत घबराट पसरली. जूनच्या सुरुवातीस शस्त्रसंधी झाला आणि एका विमानाने युद्ध संपवले, ही गोष्ट इंग्रजी वर्णनांत रुजली. ती अर्धीच खरी मानावी, कारण त्याच दिवसांत सरहद्दीवरच्या ठळ या ब्रिटिश ठाण्याला अफगाणांनी घातलेला वेढाही उठवला गेला होता. तो उठवणारा अधिकारी होता रेजिनाल्ड डायर, ज्याने सातच आठवड्यांपूर्वी जालियनवाला बागेत गोळ्या चालवल्या होत्या. बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, पंजाबातील गुजरानवाला येथे लहान विमानांतून लोकांवर बॉम्ब आणि गोळ्या टाकल्या गेल्या होत्या, तेही येथे नोंदवले पाहिजे.

अमानुल्ला यांनी नंतर व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात एक खोचक प्रश्न उपस्थित केला. लंडनवर झेपेलिनांनी बॉम्ब टाकले तेव्हा ज्यांनी त्याला रानटीपणा म्हटले, तेच आज हे करत आहेत, असा त्याचा आशय होता. त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

भारतीय वैमानिकांनी ही विमाने उडवली का?

त्या युद्धात ब्रिटिश दलांत वैमानिक झालेले मोजके भारतीय लढाऊ विमानांवर होते. इंद्रलाल रॉय आणि हरदित सिंग मलिक ही नावे परिचित आहेत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांचे नाव मराठी वाचकांना मात्र फारसे ठाऊक नसते. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत आणि जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्समध्ये ते मृत्युमुखी पडले.

युद्धानंतर या विमानांचे काय झाले?

कित्येक मोडीत निघाली. काही ओ/४०० विमानांत खुर्च्या बसवून लंडन–पॅरिस प्रवासी वाहतूक सुरू झाली. सर्वांत मोठे यश मात्र युद्धाला उशिरा पोहोचलेल्या व्हिकर्स व्हिमी या बॉम्बफेकी विमानाला मिळाले. जून १९१९ मध्ये जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत अटलांटिक न थांबता ओलांडला. बॉम्बच्या जागी जादा पेट्रोल भरले होते. हेच अल्कॉक सप्टेंबर १९१७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलवर हल्ल्यासाठी हँडली पेज घेऊन निघाले असता इंजिन बंद पडून समुद्रात उतरले होते आणि उरलेले युद्ध त्यांनी तुर्कांच्या कैदेत काढले होते.

ब्रिटिश हवाई दलातील शेवटचे अवजड द्विपंखी बॉम्बफेकी विमानही हँडली पेजचेच, हेफर्ड नावाचे. ते १९३३ मध्ये सेवेत आले आणि दुसरे महायुद्ध दाराशी येईपर्यंत टिकले.

आज यांपैकी एखादे विमान पाहता येते का?

हँडली पेज ओ/४०० किंवा व्ही/१५०० यांपैकी एकही अखंड विमान शिल्लक नाही. कॅप्रोनी विमाने इटलीतील विन्या दी वाले येथील आणि अमेरिकेतील डेटन येथील हवाई संग्रहालयांत आहेत. अल्कॉक आणि ब्राउन यांचे व्हिमी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. दुसरे मूळ व्हिमी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विमानतळावर जतन केलेले आहे. रॉस आणि कीथ स्मिथ या भावांनी १९१९ च्या अखेरीस ते इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला नेले, आणि जाताना ते कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता येथे उतरले होते.